मॅनेजरची खुर्ची आणि पाच सेंटची पिशवी

२८ जून, बुधवार

मीटिंग झाली. येत्या सोमवारपासून आमच्या गोल्डन बास्केटच्या सगळ्या शाखांत प्लास्टिकच्या पिशवीला पाच सेंट. सरकारी नियम आहे, मोठ्या सुपरमार्केटना सगळ्यांनाच. हेड ऑफिसचे फू साहेब स्वतः आले होते. म्हणाले, लेचुमी मॅडम ऑगस्टअखेर निवृत्त होतायत, या शाखेला नवा मॅनेजर लागणार. हे पिशवीचं प्रकरण जो गिऱ्हाइकांची ओरड न होऊ देता निभावेल, त्याचा आधी विचार होईल. हे म्हणताना त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. (माझ्यामागे नोराशिकिन बसली होती. कॅशियर लोकांची सुपरवायझर, वय एकोणतीस. तिच्याकडे कशाला बघतील.)

सतरा वर्षं असिस्टंट मॅनेजर आहे मी. आमच्या बुकित बातोक वस्तीतलं एकूण एक गिऱ्हाईक मला ओळखतं. म्हणजे खुर्ची माझीच.

घरी येऊन बायकोला, लाय क्वानला, सांगितलं की झालंच समज. ती म्हणाली, साहेब असं बोलले? मी म्हटलं, बोलले नाहीत, पण पाहिलं.

संकल्प: डोकं शांत ठेवायचं. लोक समंजस असतात, समजावून सांगणारा हवा.

३ जुलै, सोमवार

लोक समंजस नसतात.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पहिलं भांडण. आमच्याच ब्लॉकच्या, म्हणजे आमच्याच इमारतीतल्या, चिऊ आंटी. म्हणाल्या, वीस वर्षं इथे बाजार करते, आता पिशवीचे पैसे? मग मी कचरा कशात बांधू, तुझ्या शर्टात? मी शांतपणे समुद्रातल्या कासवाची माहिती दिली. पिशवी गिळतं, तडफडतं वगैरे. आंटी म्हणाल्या, कासव माझ्या मजल्यावर राहत नाही, झुरळं राहतात. कचरा सुटा टाकला इमारतीच्या कचऱ्याच्या नळीत की ती वर येतात, ती तुझ्या घरी पाठवू का?

पालथ्या घड्यावर पाणी.

दिवसभरातले इतर नमुने. एक अंकल कलिंगड, दूध आणि टिश्यूचे दोन गठ्ठे हातांवर रचून, वर सोया सॉसची बाटली हनुवटीने दाबून निघाले. दाराशी बाटली गेली. पुसायला मीच. एका बाईने छत्री उलटी करून त्यात कांदेबटाटे भरले. एका सुटाबुटातल्या माणसाने फळांच्या फुकट पातळ पिशव्यांचा रोल ओढून अकरा पिशव्या फाडल्या, एका लिंबासाठी. मी मोजल्या. त्याला म्हटलंही, सर, लिंबू एकच आहे. तो म्हणाला, नाजूक आहे.

आणखी एक जण आमची सामानाची बास्केटच घेऊन घरी गेला. संध्याकाळपर्यंत चौदा बास्केट कमी.

एकंदरीत पहिला दिवस चांगला गेला.

६ जुलै, गुरुवार

स्वतःचं स्वतः बिल करायच्या यंत्रांवर लक्ष ठेवलं. यंत्र विचारतं, पिशव्या किती? लोक शून्य दाबतात आणि तीन उचलतात. चार तासांत असले बेचाळीस शून्य पाहिले. निवृत्त शाळामास्तर होते, त्यांनीसुद्धा शून्य. मी नुसता बघत उभा राहिलो. ते म्हणाले, असं काय बघतोस, मी ज्येष्ठ नागरिक आहे. याचा पिशवीशी काय संबंध, ते त्यांना विचारायला हवं होतं. बसमध्ये सुचलं.

नोराशिकिन हे सगळं बघते आणि गिऱ्हाइकांशी हसून बोलते. मी म्हटलं, लोक चोरी करतायत आणि तू हसतेस? ती म्हणाली, अंकल, थोडे दिवस जाऊ दे, सवय होईल. अंकल. दुकानात मी मिस्टर ख्वेक आहे हे तिला तीनदा सांगून झालंय.

९ जुलै, रविवार

सुट्टी. घरी शिस्त लावायला घेतली. ओट्याखालचं कपाट उघडलं तर पिशव्यांचा डोंगर अंगावर आला. एका पिशवीत पन्नास, अशा किती पिशव्या, कोण मोजणार. लग्नापासून साठवलेल्या दिसतात. त्यातली एक अशा दुकानाची निघाली जे पाडून तिथे मेट्रोचं स्टेशन झालं.

लाय क्वानला म्हटलं, भावी मॅनेजरच्या घरी हे शोभत नाही. ती म्हणाली, आधी हो तर खरा. मग म्हणाली की तिने तिच्या तिन्ही बहिणींना सांगून टाकलंय, आणि २ सप्टेंबरला रेस्टॉरंटमध्ये दोन टेबलं घेतली आहेत, आठ पदार्थांचं जेवण, मासासुद्धा. म्हणाली, माझी आई येणार आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, खास तुझ्यासाठी.

एवढी घाई कशाला, असं म्हणणार होतो. पण ती खूश दिसली. बऱ्याच वर्षांनी माझ्या कामावरून खूश दिसली. आता काय, व्हायलाच हवं.

१२ जुलै, बुधवार

नोराशिकिनने दाराशी एक खोका ठेवलाय. नूडल्सचा रिकामा खोका. त्यावर स्केचपेनने लिहिलंय: घरात जास्त असल्या तर टाका, हव्या असल्या तर घ्या. आत लोकांच्या घरच्या जुन्या, घड्या घातलेल्या पिशव्या.

परवानगी नाही, फॉर्म नाही, काही नाही. मी खोका उचलून गोदामात ठेवला. अर्ध्या तासाने चिऊ आंटी पन्नास पिशव्या घेऊन आल्या आणि खोका कुठाय म्हणून माझ्यावर खेकसल्या. याच आंटी, ज्या पहिल्या दिवशी एका पिशवीसाठी माझा शर्ट मागत होत्या. घरी पन्नास.

लेचुमी मॅडम म्हणाल्या, असू दे रे, खोका काय चावतो का? परत ठेवला. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

संकल्प: माझी स्वतःची योजना. पद्धतशीर.

१५ जुलै, शनिवार

योजना तयार. नाव: पिशवी काउंटर. दुकानातल्या सगळ्या नव्या पिशव्या एकाच टेबलावर, माझ्या ताब्यात. यंत्रांपाशी एकही नाही. पिशवी हवी त्याने टेबलापाशी यायचं, रजिस्टरमध्ये नाव, ब्लॉक नंबर आणि कारण लिहायचं, पाच सेंट द्यायचे, पिशवी घ्यायची. कारण लिहिताना माणूस विचार करतो. विचार केला की लाज वाटते. लाज वाटली की कापडी पिशवी आणतो. एवढं सोपं आहे, कुणाला सुचलं नव्हतं.

१८ जुलै, मंगळवार

काउंटरचा पहिला दिवस. रजिस्टरमधली कारणं: कचरा. कचरा. कचरा. कचरा. मासा गळतोय. कचरा. तुला काय करायचंय. नवऱ्याचं तोंड झाकायला. कचरा.

विचार सुरू झालेला दिसतोय. कायम सात-आठ जण रांगेत होते. उभं राहिल्याने माणसाला संयम येतो. एकाने रांगेतच आइस्क्रीम खाऊन टाकलं, म्हणाला आता पिशवी नको. म्हणजे एक पिशवी वाचली.

२२ जुलै, शनिवार

सकाळी १०.१५. काउंटरवर बारा जण. उत्तम.

१०.५०. रांग मासळीच्या फ्रीजरपर्यंत. एवढी अपेक्षा नव्हती.

११.२०. रांग दाराबाहेर. खालच्या कॉफीशॉपच्या टेबलांना वळसा घालून लिफ्टपर्यंत गेलीय. एका अंकलनी जागा धरायला जमिनीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि कॉफी प्यायला गेले. कोणी ते पाकीट हलवलं नाही. काय शिस्त आहे.

११.३०. स्टुलावर चढून फोटो काढला, फू साहेबांना पाठवला. खाली लिहिलं: पर्यावरणासाठी जनतेचा उत्साह, पिशवी काउंटर, कल्पना ख्वेक बून ल्यांग. साहेबांनी अंगठा पाठवला. सतरा वर्षांत पहिला अंगठा.

दुपारी ३.००. आता कुठे बसायला मिळालंय.

घडलं ते असं. बाहेरच्या लोकांना रांग कशाची ते माहीत नव्हतं. आपल्या लोकांना लांब रांग दिसली की आधी उभे राहतात, मग विचारतात. आणि पुढे टेबल, टेबलावर रजिस्टर, त्यात नाव आणि ब्लॉक नंबर लिहून घेणारा माणूस. म्हणजे काहीतरी फुकट वाटतायत हे ठरलंच. कुणी म्हणालं, म्हाताऱ्यांना पाच किलो तांदूळ. मागे जाईपर्यंत त्याचे दहा किलो झाले. एका बाईने बहिणीला फोन करून तीन स्टॉप लांबून बोलावून घेतलं.

पावणेबाराला त्यांच्यातली पहिली आजी टेबलापाशी पोचली. ओळखपत्र हातात तयार. म्हणाली, माझा तांदूळ दे. मी म्हटलं, आजी, इथे पिशवी मिळते. ती म्हणाली, हो, पिशवीत घालूनच दे. मी म्हटलं, तांदूळ नाही, फक्त पिशवी, पाच सेंट. ती मागे वळून हॉक्येन बोलीत काहीतरी म्हणाली, ते इथे लिहिणं बरं नाही.

मग उठला गदारोळ. मी स्टुलावर चढून जाहीर केलं की फुकट काही नाही. ते ऐकून लोकांना वाटलं तांदूळ संपला. तिघे म्हणाले, तू ओळखीच्यांना मागच्या दाराने दिलास. एक बाई म्हणाली, पाऊण तास उन्हात उभी आहे, पायाला गोळे आलेत, मॅनेजरला बोलव. मी म्हटलं, जवळजवळ मीच मॅनेजर आहे.

तेवढ्यात नोराशिकिन मध्ये पडली. आजीला खुर्ची दिली, पाणी दिलं. रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेली आणि प्रत्येकाला हळू आवाजात सांगत आली की आंटी, काही वाटत नाहीयेत, मला पण आधी तांदूळच वाटला होता, चला, घरी जेवण थांबलंय. लोक हसायला लागले. हसत हसत पांगले. काही जण आत येऊन खरेदी करून गेले.

मी परिस्थिती ताब्यात घेतच होतो. तिने घाई केली.

२३ जुलै, रविवार

कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. मी स्टुलावर, हात वर, खालून काढलेला. आजीचं वाक्य स्पष्ट ऐकू येतं. धाकट्या मेहुणीने लाय क्वानला पाठवला, मेहुणीला तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी. साडेतीन लाख लोकांनी पाहिलाय.

जाहिरातीला कंपनी किती पैसे मोजते. ही फुकट झाली.

२६ जुलै, बुधवार

लेचुमी मॅडमनी काउंटर बंद करायला लावला. म्हणाल्या, ख्वेक, तू माणूस वाईट नाहीस, पण तुला गिऱ्हाईक दिसलं की त्याला सुधारायचं असतं. नोराशिकिनला दिसलं की ती त्याला काय हवंय ते विचारते. जाणाऱ्या माणसाच्या बोलण्यात थोडी कडवटपणाची छटा यायचीच. मनावर घेतलं नाही.

रजिस्टर गोदामात ठेवलं. अडीचशे कारणं आहेत त्यात. पुढे अभ्यासाला उपयोगी पडेल.

३० जुलै, रविवार

सुट्टी असून सहज दुकानावर चक्कर मारली. खोक्यापाशी कोण? लाय क्वान. आमच्या ओट्याखालच्या पिशव्या दोन्ही हातांत, आणि नोराशिकिनशी गप्पा. दोघी हसत होत्या. लाय क्वान पोट धरून हसत होती. घरी अशी हसताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. मला पाहिल्यावर थांबली. म्हणाली, कपाट रिकामं कर म्हणालास ना, तेच करतेय. मी विचारलं, कशाला हसत होता? ती म्हणाली, काही नाही, असंच.

वाईट वाटलं. पण जे पाहिलं त्याचा मी वेगळा उपयोग करायचं ठरवलंय.

२ ऑगस्ट, बुधवार

हेड ऑफिसला गोपनीय रिपोर्ट पाठवला. नऊ पानं. विषय: दाराशी विनापरवाना खोका. एकही मुद्दा सोडला नाही. खोक्यामुळे नव्या पिशव्यांचा खप जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर आला. फुकट पातळ पिशव्या फाडायचं प्रमाण एकदम घसरलं, म्हणजे लोकांना आमच्या मालाची किंमत राहिली नाही. चोरीला गेलेल्या चौदापैकी अकरा बास्केट लोकांनी खोक्याशेजारी आणून ठेवल्या, कुणाचीही नोंद न करता. म्हाताऱ्या बाया खोक्यापाशी गप्पा मारत उभ्या राहतात आणि जाताना नको असलेल्या वस्तू विकत घेतात. तक्रारवही दहा दिवस कोरी आहे, म्हणजे तक्रार लिहायची लोकांची सवयच मोडली. सोबत फोटो सहा.

हे वाचल्यावर तिचं काही खरं नाही. थोडी दया आली. तिला लहान मुलगी आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त.

९ ऑगस्ट, बुधवार

राष्ट्रीय दिन. लाय क्वानने रेस्टॉरंटला फोन करून माशाचं वजन वाढवलं. मला विचारलं, बढतीचं पत्र कधी येईल? म्हटलं, येईलच. तिने माझ्यासाठी शर्ट आणलाय, फिक्का निळा. आरशात पाहिलं. मॅनेजर असेच दिसतात.

१४ ऑगस्ट, सोमवार

फू साहेबांचा फोन. स्वतः केला. म्हणाले, ख्वेक, रिपोर्ट अप्रतिम, इतक्या वर्षांत कुठल्याही शाखेतून असं काही आलं नव्हतं. आकडे, फोटो, सगळंच. मग विचारलं, हा खोका खरंच एकट्या नोराशिकिनचा? मी म्हटलं, पूर्णपणे तिचाच. त्यांनी परत विचारलं, तुझा काहीच हात नाही? मी म्हटलं, साहेब, उलट मी तो एकदा उचलून गोदामात टाकला होता, साक्षीदार आहेत. ते म्हणाले, तुझा प्रामाणिकपणा मला आवडला.

पक्कं झालं. सासूबाईंनाही कळवून टाकलं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

फू साहेब आले. सगळ्यांना गोळा केलं. माझा रिपोर्ट हातात घेऊन त्यातला बराचसा मोठ्याने वाचून दाखवला. माझी वाक्यं त्यांच्या आवाजात फार चांगली वाटली. तक्रारवही कोरी, या वाक्याला टाळ्या पडल्या. मग म्हणाले की असा खोका आता एकोणतीस शाखांत लागणार, आणि १ सप्टेंबरपासून या शाखेची मॅनेजर नोराशिकिन.

टाळ्या मीही वाजवल्या. रिपोर्ट माझाच होता.

मग गोदामात जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसलो. सतरा वर्षं. सतरा वर्षांत एक दिवस उशिरा गेलो नाही. नोराशिकिन आत आली, काहीतरी बोलणार होती, मी म्हटलं, स्टॉक मोजतोय. ती गेली.

संकल्प: लाय क्वानला आज सांगायचं.

२६ ऑगस्ट, शनिवार

काल तिचं डोकं दुखत होतं. आज सांगतो.

२७ ऑगस्ट, रविवार

आज सासूबाई घरी आल्या होत्या. त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं.

३० ऑगस्ट, बुधवार

तिने स्वतःसाठी नवीन चपला घेतल्या, त्या दाखवत होती. अशा वेळी कुठे विषय काढायचा.

दुसरा विचार. नोराशिकिन लहान आहे. नाही झेपलं तर आठवड्याभरात सोडेल. मग काही सांगायची गरजच राहणार नाही.

३ सप्टेंबर, रविवार

जेवण झालं.

काल संध्याकाळी साडेसहाला रेस्टॉरंटमध्ये. वीस माणसं. नवा निळा शर्ट. ठरवलं होतं, थंड पदार्थांची थाळी आली की सांगायचं. आली, पण साडू आधीच ग्लास उचलून मॅनेजर साहेबांच्या नावाने म्हणाले, सगळे उठले, मीही उठलो. मग ठरवलं, सूपनंतर. सूप गरम होतं. कोंबडीच्या वेळी सासूबाई माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या, जावईबापू, जावईबापू करत. त्यांना कमी ऐकू येतं, सांगून उपयोग नव्हता.

मासा आला तेव्हा धाकटी मेहुणी म्हणाली, भाऊजी, आता तुम्ही मॅनेजर, तेवढे आमच्या पिशवीचे पाच सेंट माफ करा. मी म्हटलं, बघतो.

लाय क्वान माशाचे काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, त्याला नाही बघता येणार, त्याच्या मॅनेजरला विचारावं लागेल. आणि काटे काढलेला तुकडा माझ्या वाटीत ठेवला.

सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मेहुणी त्यांच्या कानात ओरडली, भाऊजी मॅनेजर झाले नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी लोकांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. मी मासा खाल्ला. दुसरं काय करणार. अजून चार पदार्थ यायचे होते.

बसस्टॉपवर मी विचारलं, तुला कधीपासून माहीत? ती म्हणाली, २१ ऑगस्टपासून. मी म्हटलं, कसं शक्य आहे, जाहीर २५ला झालं. ती म्हणाली, नोराशिकिन घरी आली होती, तू कामावर होतास. साहेबांनी तिला आधीच विचारलं होतं. ती नाही म्हणणार होती. म्हणाली, आंटी, अंकल सतरा वर्षं वाट बघतायत, माझ्याच्याने त्यांच्या खुर्चीवर बसवणार नाही, तुम्ही सांगा काय करू. रडत होती पोरगी.

हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. म्हणजे माझी किंमत तिला कळली होती. खुर्ची माझीच होती, हे तीसुद्धा मानत होती. मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

लाय क्वान म्हणाली, मी म्हटलं, घेऊन टाक. तो मॅनेजर झाला तर आम्हाला सगळ्यांना बाजारहाट दुसरीकडे करावा लागेल.

मी विचारलं, सगळ्यांना म्हणजे कुणाला?

ती बस येतेय का बघत होती. म्हणाली, अख्ख्या ब्लॉकला.